‘येतो’ कोणाच्या नावे

मी, भूषण गुलाबराव ठवकर, वय सत्तावीस, राहणार भिलाई-३, रेल्वे फाटकामागे, हे लिहितेवेळी पूर्ण शुद्धीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही यावर घरात दोन मतं आहेत, पण लिहिणारा मी आहे. सोमवारी रायपूरला माझ्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलणार आहेत. वाचलो तर हा कागद फाडावा. नाही वाचलो तर यात लिहिल्याप्रमाणे करावं. कोणी पाजून किंवा दमदाटी करून हे लिहवून घेतलेलं नाही.

१. घर बाबांचं, म्हणून त्याला मी हात लावत नाही. स्कूटर माझी आहे, ती बोरसीला राहणाऱ्या माझ्या बहिणीला, सीमाताईला. तिचा नवरा अभिनव याने ती चालवू नये. मागे नेली होती तर हॉर्न कुठेतरी पाडून आला. तंबू कोणीही घ्यावा. नर्मदेच्या काठाने पायी जायचं म्हणून घेतला होता, पण दिंडोरीला एक सर्कस लागली आणि मी तिच्यासोबत जबलपूरला गेलो. तिथला उंटवाला बोलायला फार चांगला होता. असो, मुद्दा तो नाही.

२. मुद्दा दवाखान्याचा आहे. मी कुठेच टिकलो नाही, पण तिथल्या स्टुलावर टिकलो. ज्याच्याजवळ कोणी नाही त्याच्याजवळ बसायचं, एवढंच माझं काम. या कामाचं पद नाही. बिल्ल्यावर ‘व्हिजिटर’ लिहिलं आहे. वॉर्डच्या नीतू सिस्टर पहिल्या दिवशी म्हणाल्या, “डॉक्टर नहीं, पंडित नहीं, रिश्तेदार नहीं, फिर तू है कौन?” पेशंट लोकांनीच नाव पाडलं, बइठइया. म्हणजे बसणारा.

भजनमंडळाचे प्रेमानंद महाराज यांना मी माफ करतो. ते पेटी घेऊन वॉर्डात आले, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, आणि खिडकीजवळच्या ख्रिस्ती बाईने भिंतीकडे तोंड केलं. ते गेल्यावर मी तिला विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? तिला तिच्या चर्चचं तेलुगू गाणं पाहिजे होतं. मला येत नव्हतं. तिने ते म्हटलं, मी सोबत हूं हूं केलं. प्लांटमधून रिटायर झालेल्या एका सरदारजींना देव नको होता, फक्त प्लांटचा भोंगा ऐकू यावा म्हणून खिडकी उघडी पाहिजे होती. ज्याचं जे, तेच त्याच्यापुढे ठेवायचं. माझ्यामागे जो कोणी बसेल त्याने एवढं पाळावं.

३. आता मनकर्णाबाई. नागपूरकडच्या रेल्वेवाल्याची विधवा आहे. मुलगा प्रफुल्ल सुरतला, येत नाही. मेंदूच्या झटक्यानंतर तिची हिंदी पार पुसली गेली, फक्त मराठी उरली, आणि अख्ख्या वॉर्डात मराठी बोलणारा मी एकटा. निघताना मी आपल्याकडे म्हणतात तसं ‘येतो’ म्हणतो. तेवढ्यावर ती रात्र काढते. मी तापाने पडलो होतो तेव्हा नीतू सिस्टरने तिला छत्तीसगढीत ‘आवत हँव’, म्हणजे येतेच, असं म्हणून पाहिलं. ती उशीखाली चपला धरून रात्रभर जागीच राहिली. मी गेलो तर तिला ‘येतो’ कोण म्हणेल, याचसाठी हा सगळा कागद आहे.

४. जे लोक मी ‘येतो’ म्हटल्यावर गेले, त्यांच्याबद्दल. सकाळी खाट रिकामी, गादी उलटी टाकलेली. वाट पाहू नका, असं त्यांना कोणी सांगितलंच नाही. म्हणून संध्याकाळी मी स्कूटर लावतो तेव्हा ते दवाखान्याच्या फाटकापाशी उभे असतात. सरदारजी असतात. तेलुगू बाई असते. मला भीती वाटत नाही, मी मान हलवतो, तेही हलवतात. त्यांच्यात माझी आई अन्नपूर्णा असते. ती माझ्याकडे पाहत नाही. माझ्या मागे पाहते, अजून कोणी येऊन राहिलं का म्हणून.

बाबा नंदिनीच्या चुनखडीच्या रेकवर, म्हणजे मालगाडीवर, गार्ड होते. त्याच वॉर्डात आईला ‘येतो’ म्हणून ड्यूटीवर गेले. रेक बाजूच्या लूपलाइनवर अडकून पडली, आणि आई थांबली नाही. तेव्हापासून बाबा कोणाला ‘येतो’ म्हणत नाहीत. भाजी आणायला निघाले तरी “जातो” म्हणतात. शेजारच्या सिंधुताई कानावर हात ठेवतात, “अजी, असं बोलू नये!” बाबा चप्पल घालून चालू लागतात.

मी त्यांना विचारून पाहिलं.

“बाबा, माझ्यामागे मनकर्णाबाईकडे जाल का?”

“मले नाही जमत. त्या वार्डात मी पाय नाही ठेवत.”

“बसायचंच आहे. आन् निघताना एक शब्द.”

“तो शब्दच तं नाही जमत, भूषण.”

तरी मी तो शब्द, स्टूल आणि मनकर्णाबाईची संध्याकाळ बाबांच्या नावे करतो. दुसऱ्या कोणाच्या नाही.

५. हाताने लिहिलेली भर. वरचं सगळं दुर्गच्या कोर्टाबाहेर टिकाराम साहू यांनी टाइप केलं. बाबा सोबत होते. टिकाराम म्हणाले, “जिसको वसीयत में कुछ मिल रहा है, वो गवाह नहीं बनेगा. बना, तो उसका हिस्सा खारिज.” बाबा लगेच म्हणाले, “मंग मलेच गवाह करा.” टिकाराम हसले, “कका बड़ हुसियार हे!” आणि दोन नंबरवर बाबांचं नाव टाइप केलं.

बाबांनी सहीसाठी पेन घेतला. पूर्ण कागद वाचला. चौथा मुद्दा परत वाचला. विचारलं, “तुह्या मागं माहीच वाट पाहते का ती?”

“हो. तुमचीच.”

त्यांनी दोन नंबरवरचं स्वतःचं नाव खोडलं. टिकाराम ओरडले, “कागद खराब होगे, कका!”

“होऊ दे,” बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, “खाट कोणती मनकर्णाबाईची?”

दुसरी साक्षीदार म्हणून नीतू सिस्टरला फोन केला. त्या ड्यूटी संपवून तशाच आल्या.

लिहून देणार: भूषण गुलाबराव ठवकर

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. टिकाराम साहू, दुर्ग
२. ~~गुलाबराव ठवकर~~ नीतू यादव, वॉर्ड सिस्टर

ठिकाण: दुर्ग. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२४.

क्रमांक दोनमधली खोडाखोड मला मान्य आहे. भू. गु. ठवकर