अण्णांच्या अक्षरात

१२ जून

चि. चिमीस,
अ. आ.

तुझ्या त्या दातांच्या दवाखान्यात लोक अजून तोंड उघडायला घाबरतात, की तुझा आवाज ऐकूनच आ करतात? मी बरा आहे. दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम इतकं आलंय की शिडीवरून उतरायची फुरसत नाही.

खरी बातमी पुढेच आहे. अण्णांनी चार महिने बाटलीला हात लावलेला नाही. तुला खरं वाटणार नाही, म्हणून त्यांचंच पत्र सोबत जोडतोय. तुझी माफी मागताहेत. महिनाभर तुझ्याकडे राहून नातीशी खेळावं, असं त्यांच्या मनात आहे. जावईबापूंना विचारून कळव. नाही म्हणू नकोस.

लहानपणी तुझ्या वेण्या ओढायचो, त्याचीही माफी यातच उरकून घे.

तुझा दादा

२० जून

ति. दादास,
सा. न. वि. वि.

अण्णांचं पत्र वाचून आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या भाचीने आपली खोली रिकामी केली, पलंगावर धुतलेली चादर घातली. मीही दोन दिवस हवेत होते. माझे वडील येणार म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना शाळेतल्या पोरीसारखी सांगत सुटले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. ‘अंगात कणकण असल्याकारणाने इतके दिवस लिहिणे जमले नाही.’ दादा, ‘अंगात कणकण असल्याकारणाने’ हे शब्द माझे आहेत. मी नऊ वर्षांची होते, तू बारा. अण्णा न्हाणीघरात आपल्याच ओकारीत पडलेले असायचे आणि आपण दोघं स्वयंपाकघरात बसून कारखान्यासाठी त्यांचा रजेचा अर्ज लिहायचो. मी मजकूर सांगायचे, तू त्यांच्या अक्षरात उतरवायचास. साहेबांना कधी शंका आली नाही. केवढा अभिमान वाटायचा आपल्याला त्याचा!

मला किळस आली. अण्णांची येते ती जुनीच, तिची सवय झालीय. या वेळी तुझी आली. आणि तू लिहिलेल्या माफीवर मी पाघळले, म्हणून माझी मलाच आली. दिवसभर मी लोकांच्या तोंडात डोकावते. किडलेले दात, पू, रक्त, काही वाटत नाही. पण एखाद्याच्या तोंडाला तो वास आला की मागच्या खोलीत जाऊन उभी राहते. घरी मुलीची पाण्याची बाटली हुंगते. परवा तिने पकडलं आणि विचारलं, आई, तू कशाचा वास घेतेस? मी बाटली विसळायला घेतली. आता दर शनिवारी एका समुपदेशक बाईंकडे जाते. तिथे आपल्यासारख्या घरांतले आठ जण बसतात. सगळेच थापा मारण्यात पटाईत, त्यामुळे कधीकधी हसूही येतं.

ते पत्र मी फाडून टाकलं. घरात काय चाललंय ते आता स्वतःच्या अक्षरात लिही. माया आहे म्हणूनच एवढी चिडलेय.

तुझी चिमी

२९ जून

चि. चिमीस,
अ. आ.

हो, ते माफीचं पत्र मीच लिहिलं; चार कागद वाया गेले, तेव्हा कुठे अण्णांचं अक्षर जमलं.

अण्णा पितात. सकाळी तोंड धुवायच्या आधीपासून. चादरी मी धुतो, गादी मी घासतो. परवा त्यांचं तोंड पुसताना मीच ओकलो, तर ते हसले. शेजाऱ्यांना सांगतो, पित्त झालंय. मागच्या आठवड्यात शिडीवर चढलो आणि पाय उचलेना. छातीत धडधड, अंगभर घाम. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, शेवटची धड झोप कधी लागली ते सांगा. मला आठवेना.

मला महिनाभर सुटका हवी होती. तसं सरळ सांगायची लाज वाटली, म्हणून ही घाण गोड बोलून तुझ्या घरात ढकलत होतो. भाचीच्या पलंगावर! लिहितानाही शिसारी येते. रागाव, पण पत्र पाठव.

दादा

४ जुलै

ति. दादास,
सा. न. वि. वि.

अण्णा माझ्या घरात येणार नाहीत. त्यांच्यासाठी समुपदेशक बाईंनी तुमच्या जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात जागा धरून ठेवलीय. फॉर्म सोबत आहे. त्यावर सही त्यांचीच हवी. तू करायची नाहीस.

खोली अजून रिकामी आहे. भाची विचारते, आजोबा नाही तर मामा तरी येणार का? अण्णा केंद्रात जावोत न जावोत, तू ये. इथे नुसता झोपलास तरी चालेल.

वाट बघतेय.

चिमी

११ जुलै

चि. चिमीस,
अ. आ.

फॉर्म समोर ठेवला. अण्णांनी पेन हातातही घेतलं नाही. म्हणाले, तूच मार सही, माझ्यापेक्षा तुझी बरी येते, लहानपणापासून. म्हणजे त्या अर्जांचं त्यांना सगळं ठाऊक होतं. आपण दोन पोरं तिथे बसून लिहीत असताना हा माणूस पडल्या पडल्या ऐकत होता.

शेजारच्या काकूंना आज पहिल्यांदा खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्हाला कधीचंच माहीत आहे, तुझ्याकडे बघून गप्प बसलो. काका रोज अण्णांकडे डोकावणार आहेत, डबा काकू देतील. केंद्राचा फोन नंबरही त्यांना दिलाय.

फॉर्म कोराच अण्णांच्या उशाशी ठेवलाय. मी गुरुवारच्या गाडीने येतोय.

तुझा दादा