लिटरला पावणेनऊ

आण्णा,

तुमचं पावणेनऊ बरोबर होतं. एवढं एक वाक्य लिहून उठायचं ठरवलं होतं, पण उठवत नाहीये. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या फोटोतले तुम्ही आता माझ्याच वयाचे दिसता, आणि बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं तुमच्याशी बोलता येईल असं मला उगाच वाटत होतं. तसं काही होत नाहीये. पेन हातात घेतल्यापासून मी पुन्हा तीच आहे, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातली, दोन बुकं शिकून अख्ख्या घराला अक्कल शिकवणारी.

शेठची ती पांढरी परदेशी गाडी आली तेव्हा सानपाड्यातल्या आपल्या एका खोलीत चार दिवस तुम्ही दुसरं काही बोललाच नव्हतात. वाशीच्या मार्केटात शेठचा फळांचा गाळा होता. तुम्ही आधी त्याचा टेम्पो चालवायचात. मग त्याने ही सेकंडहँड गाडी घेतली आणि तिच्यासाठी बाहेरून ड्रायव्हर आणला नाही, तुम्हालाच बसवलं. तो तुम्हाला मामा म्हणायचा. गाळ्यावरचे माथाडी, निम्मे आपल्याच तालुक्यातले, तेही मग मामा म्हणायला लागले. त्या गाडीत एक नवल होतं. वायपरच्या दांडीचं टोक दाबलं की स्पीडोमीटरखालच्या पट्टीत हिरवा आकडा उमटायचा, गाडी पेट्रोल किती खाते त्याचा. आकड्यापुढची बारीक अक्षरं निम्मी विझलेली होती, पण त्यांच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. आपल्याकडे त्याला एकच शब्द, अ‍ॅव्हरेज, आणि त्याचा एकच अर्थ, लिटरला किती किलोमीटर. शेठने आकडा पाहिला, अकराच्या वर, आणि स्वारी खूश झाली. एवढी मोठी गाडी आणि अकराचं अ‍ॅव्हरेज देते म्हणून गाळ्यावर येईल त्याला सांगत सुटला.

तुम्हाला मात्र तो आकडा पहिल्यापासून पटला नाही. तुमची पद्धत टाकी फुल ते टाकी फुल. दर वेळी तोच पंप, गाडी उभी करायची जागाही तीच. पेट्रोल गळ्यापर्यंत आलं की तुम्ही मागे जाऊन दोन्ही हातांनी गाडी हलवायचात, आत अडकलेली हवा बुडबुडत वर यायची आणि मग आणखी थोडं मावायचं. पंपावरची माणसं हसायची. किलोमीटरचा आकडा तुम्ही कधी कागदावर घेतला नाहीत, डोक्यातच ठेवलात, आणि टाकी पुन्हा भरली की संध्याकाळी जेवता जेवता आईला सांगायचात, पावणेनऊ. पुढच्या खेपेला पुन्हा पावणेनऊ. आई म्हणायची, मला काय करायचंय त्याचं, भाकरी गार होतीय. मला त्या वेळी तुमची थोडी गंमतच वाटायची. गाडीत कॉम्प्युटर बसवलाय आणि हा माणूस अजून गाडी हलवतोय.

मग शेठच्या डोक्यात किडा शिरला. गाडी सव्वापाचशे किलोमीटर पळते आणि टाकीत साठ लिटर जातं, मशीनच्या अकरा पॉइंट चारने बघितलं तर शेहेचाळीस लिटर पुरायला हवं. मधलं चौदा लिटर जातं कुठे? ड्रायव्हर नळी घालून पेट्रोल काढतात ही मार्केटात काही नवी गोष्ट नव्हती, त्यापायी एकदोघांना हाकललेलंही होतं. शेठने तुम्हाला सरळ चोर म्हटलं नाही. त्याने नुसतं विचारलं. आणि तुम्ही, आण्णा, तुम्ही स्वतःच त्याला म्हणालात की माझी पोरगी मीटरचंच शिकते, तिला घेऊन येतो, ती सांगेल काय खरं ते. तुम्ही मला तुमच्या बाजूने बोलायला नेलंत.

शनिवारची दुपार आहे. गाळ्यामागे गाडी उभी आहे, पेट्या उतरवून दमलेले माथाडी चहा पीत बसलेत, शेठ दाराला टेकून उभा आहे. तुम्ही सीटवरचा टॉवेल झटकून मला बसवता. आयुष्यात पहिल्यांदा मी स्टेअरिंगसमोर बसलेय आणि सगळे माझ्याकडे बघताहेत, हे मला फार आवडतंय. मी दांडीचं टोक दाबते. आकडा उमटतो. त्याच्यापुढे एक एल धड दिसतो, मग एक तिरकी रेघ, आणि त्यापुढचं विझलेलं. आम्हाला कॉलेजात पहिल्याच तासाला सांगितलं होतं की आकडा वाचायच्या आधी तो कशात मोजलाय ते वाचा. मी ते वाचलं नाही, मनानेच ठरवून टाकलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, “अकरा पॉइंट चार. एल म्हणजे लिटर. लिटरला अकरा पॉइंट चार.”

तुम्ही खिडकीतून आत वाकलात. तुम्हाला वाटलं असणार की पोरीचं काही बघायचं राहिलंय.

“आगं, पर पुलावर गाडी आडकली की ह्यो आकडा वाढतोय,” तुम्ही हळूच म्हणालात. “हुब्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढंल कसं?”

त्या गाळ्यामागे जमलेल्या सगळ्यांत डोकं चालवलं होतं ते तुम्ही एकट्याने. आणि मी हसले. म्हणाले, “आण्णा, कॉम्प्युटर आहे तो. मशीन कशाला खोटं बोलेल?” माथाड्यांतलं कुणीतरी फिस्सकन हसलं, बाकीच्यांनी चहाच्या ग्लासात बघितलं. मशीन खोटं बोलत नसेल तर मग कोण बोलतंय, हे माझ्या डोक्यात यायच्या आधी त्या सगळ्यांच्या डोक्यात आलं होतं.

शेठने हात पुढे केला. “चावी द्या,” एवढंच म्हणाला. मामा म्हणाला नाही.

आपण मार्केटातून सानपाड्यापर्यंत चालत आलो. मी वाट बघत होते की तुम्ही माझ्यावर ओरडाल, एखादी ठेवून द्याल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं. घराजवळ आल्यावर तुम्ही म्हणालात, “तू वाचलंस म्हंजी बराबरच आसंल. माझंच कायतरी चुकत आसंल.” तुम्ही हे टोमणा म्हणून बोलला नव्हतात, आण्णा, तीच तर पंचाईत आहे. तुम्हाला खरंच तसं वाटायला लागलं. पुढे तुम्ही उरणला कंटेनरच्या ट्रेलरवर लागलात, पहाटेची बस धरून जायचात, आणि सुट्टीच्या दिवशी मधेच खिडकीपाशी बसून ओठ हलवायचात. एकदा मी विचारलं तर म्हणालात, कुठं चुकलो ते बघतोय. दोन वर्षं तुम्ही ते साधं गणित पुन्हा पुन्हा करत होतात आणि दर वेळी ते बरोबरच येत होतं. मग तुमची छाती दुखली आणि सगळंच संपलं.

आता माझी स्वतःची गाडी आहे. गेल्या महिन्यात ती सर्व्हिसिंगहून परत आली आणि सोळाचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी सहा पॉइंट दोन दाखवायला लागली. मी गॅरेजवाल्याला फोन करून चांगलं झापलं. तो शांतपणे म्हणाला, मॅडम, सेटिंग बदललं गेलंय, हे शंभर किलोमीटरला किती लिटर लागतं ते दाखवतंय, बाहेरच्या देशात असंच मोजतात, यात आकडा कमी तेवढा चांगला. मी बरं म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सिग्नलला बराच वेळ उभी होते आणि तो आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत गेला, सहा पॉइंट तीन, सहा पॉइंट चार. मागचे हॉर्न वाजवत होते. मी गाडी कडेला घेतली, मोबाइलवर शंभरला शेठच्या गाडीच्या अकरा पॉइंट चारने भागलं, आणि उत्तर आलं आठ पॉइंट सत्त्याहत्तर.

म्हणजे मशीनही खरंच बोलत होतं. ते आणि तुम्ही एकच सांगत होतात, ते त्याच्या भाषेत आणि तुम्ही तुमच्या. दोघांच्या मधे वाचायला म्हणून मला बसवलं होतं. घरी येताना मी माझ्याही गाडीची टाकी तुमच्यासारखी काठोकाठ भरली, आणि ती संपत आल्यावर पुन्हा भरून पाहिलं. माझं हे नवं मशीन सोळा म्हणतं आणि प्रत्यक्षात निघतं पंधरा, जरा लाडानेच सांगतं बिचारं. शेठच्या त्या जुन्या गाडीचं नेमकं होतं. मला असं वाटत राहतं की तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही आधी त्या मशीनचंच कौतुक केलं असतंत.

गाळ्यामागे झालं ते तुम्हाला माहीतच होतं. माहीत नव्हतं ते आता सांगते. मी तुम्हाला माफ केलं होतं. तुम्ही पेट्रोल काढलंत ते माझ्या फीसाठीच, अशी मी मनाची समजूत घातली, आणि एवढ्या मोठ्या मनाची मुलगी म्हणून स्वतःवर खूशही झाले. मग आईला बाजूला घेऊन सांगितलं की आण्णांना काही विचारू नको, माझ्यासाठी केलं त्यांनी, झालं ते झालं. तिने खरंच कधी काही विचारलं नाही. तुमच्या त्या दोन वर्षांत घरात एकाही माणसाने तुम्हाला विचारलं नाही की आहो, तुम्ही काढलंत का. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. ते नाही म्हणायची संधीसुद्धा मी तुम्हाला ठेवली नाही.

आई अजून आहे. माझ्याकडेच असते, कानाने कमी ऐकू येतं, बाकी ठणठणीत आहे. माझ्या नोकरीचं, माझ्या गाडीचं कुणी कौतुक केलं की ती तुमच्या फोटोकडे बघून आवाज बारीक करून म्हणते, “तुज्यापायी केलं गं त्यांनी.” तिच्या लेखी ती तुमची मोठेपणाची गोष्ट आहे. तुम्हाला पाठवायला तर पत्ता नाही, पण हा कागद तिला वाचून दाखवायला मला फक्त बाहेरच्या खोलीत जायचंय. मघाशी तिने तिकडूनच विचारलं, एवढं काय लिहीत बसलीयस. मी म्हणाले, ऑफिसचं आहे.