दोन सीटची गाडी

३ जानेवारी, रविवार

गाडी आली. क्रेनवाल्याने गेटातून आत घेताना डाव्या बाजूचा दरवाजा गळून पडला, पण तो तसाही काढायचाच होता. दोन सीटची, उघड्या टपाची, लाल स्पोर्ट्स कार. वयाने माझ्याएवढीच. तब्येत माझ्यापेक्षा जरा खालावलेली.

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी ध्यास हवा. संकल्प: रोज सकाळी दोन तास, शिस्तीत. जूनपर्यंत रस्त्यावर.

हिने विचारलं, आपली रोजची गाडी गॅरेजमध्ये आत अडकली, ती कशी काढायची? म्हटलं, आठवड्याभराचा प्रश्न आहे. ही काही बोलली नाही. म्हणजे पटलं असणार.

९ जानेवारी

चारही चाकं काढली. गाडी विटांवर. चेसिसला गंज आहे, पण वरवरचा. स्क्रूड्रायव्हर टेकवून पाहिला तर आरपार गेला. तेवढा भाग सोडला तर ठणठणीत.

मेकॅनिक येऊन पाहून गेला. बराच वेळ हनुवटी खाजवून म्हणाला, साहेब, जमेल तेवढे पार्ट विकून टाका. लोकांना दूरदृष्टी नसते. यापुढे सगळं स्वतःच करायचं.

२४ जानेवारी

इंजिन उतरवलं. म्हणजे साखळी निसटली आणि ते उतरलं. पाय थोडक्यात वाचला, फरशी वाचली नाही.

हिचा खोकला वाढलाय. थिनरचा वास स्वयंपाकघरात येतो म्हणते. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच दार, त्याच्या फटीत जुना टॉवेल कोंबला. प्रश्न मिटला. शिवाय दमा हिला लग्नाआधीपासूनचा आहे. गाडी आली तीन आठवड्यांपूर्वी.

१० फेब्रुवारी

सकाळचे दोन तास जमत नाहीत, कारण पेपर. दुपारी जेवणानंतर अंग जड होतं. संध्याकाळी करतो. पुट्टी लावली, घासली, परत लावली. घासताना धूळ फार. टॉवेल पांढराफटक.

मुलगी फोनवर चिडली. बाबा, आई सारखी इनहेलर ओढतेय, घरात ते रंगबिंग बंद करा. तिला शांतपणे समजावलं की घरात काहीच चालू नाही, जे आहे ते गॅरेजमध्ये.

२१ फेब्रुवारी, रविवार

खरं तर आधी चेसिस. पण रंग आधी केला की उत्साह टिकतो. भाड्याने कॉम्प्रेसर आणला. बॉनेटचा पहिला कोट आरशासारखा. इतकी वर्षं ऑफिसात फुकट घालवली, हात खरा इथला आहे.

दुसरा कोट निम्म्यावर असताना दार वाजलं. म्हटलं, पाच मिनिटं. कोट अर्ध्यावर सोडला तर पट्टा उमटतो. कोणालाही विचारा.

संपवून आत गेलो तर ही ओट्याखाली जमिनीवर बसलेली, ओट्याची कड एका हाताने धरलेली. ओठ निळसर. बोलता येत नव्हतं. रोजची गाडी आत, तिच्यापुढे लाल गाडी विटांवर. समोरच्या डेंटिस्टला हाका मारल्या, त्याने आपल्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर. झाला नाही, हे महत्त्वाचं.

घरात रंगकाम चालू आहे का, असंही त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. घरात नाहीच. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. कोपरापर्यंत लाल होते.

२७ फेब्रुवारी

हिला डिस्चार्ज. तिथून परस्पर मुलीकडे. काही दिवस आराम. चांगलंच झालं, बदल हवाच होता तिला. मुलीने एक बॅग भरून मागितली. काय भरायचं कळेना, वरच्या खणातलं सगळं घातलं.

ओटा रिकामा असल्यामुळे कार्ब्युरेटर तिथे उघडला. उजेड उत्तम.

१४ मार्च, रविवार

मुलीकडे जाऊन आलो. बॉनेटचे फोटो नेले होते. जावई बघून म्हणाला, छान, आणि बाल्कनीत निघून गेला. मुलगी चहा ठेवून आत गेली. ही खिडकीपाशी बसली होती. बारीक झालीय. मी गिअरबॉक्सची अडचण सांगत होतो, तर मध्येच म्हणाली, "मी दार दोनदा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवायला दम उरला नाही."

मी म्हटलं, "मला एकदाच ऐकू आलं. कॉम्प्रेसर चालू होता."

ती म्हणाली, "हो, चालू होता."

विषय तिथेच संपला. मनमोकळं बोलणं झालं हे बरं. नाहीतर माणसं मनात ठेवतात.

१५ मार्च

रात्रभर विचार केला. चूक व्यवस्थेची होती. गॅरेजमध्ये बेल बसवली, बटण स्वयंपाकघरात, ओट्याखाली, बसूनही हात पोचेल असं. बटण दाबून गॅरेजमध्ये धावत गेलो, तोपर्यंत आवाज थांबलेला. तिथे किती ऐकू येते हे कळायला बटण दाबणारं दुसरं कोणीतरी हवं.

११ एप्रिल

चेसिसचं वेल्डिंग बाहेरून करून घ्यावं लागेल. वेल्डर येतो म्हणाला, आला नाही. इंजिन अजून फरशीवर. गॅस्केट चुकीचं आलं. प्रगती: चाकं परत बसवली. ब्रेक नाहीत, पण चाकांवर उभी राहिल्यावर एकदम गाडी दिसते.

नवा बेत: जूनमध्ये हीच गाडी घेऊन मुलीकडे जायचं आणि हिला घेऊन यायचं. सीट दोनच, त्यामुळे मध्ये कुणी बोलायचा प्रश्न नाही.

फोनवर मुलगी म्हणाली, आईसाठी आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये छोटा फ्लॅट घेतोय भाड्याने. हवापालटासाठी एवढं? पण हल्लीची पिढी सढळ आहे.

२ मे, सकाळी

टेम्पो येणार आहे. हिचं कपाट आणि शिलाई मशीन न्यायला. हवापालटाला कपाट लागतं का, असं मुलीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "बाबा, आई परत येणार नाहीये. तुम्हाला हे कुणी सांगितलंच नाही का? का सांगूनही कळलं नाही?"

लाइन खराब होती. तरी नीट ऐकू आलं.

२ मे, दुपारी

कपाट पुढच्या दारातून निघत नाही, गॅरेजमधूनच काढावं लागतं. म्हणून आधी गाडी बाहेर. जावई, टेम्पोवाला आणि त्याचा जोडीदार मागून, मी स्टिअरिंगवर. गेटाबाहेर उताराला लागल्यावर थांबेना, टेम्पोवाल्याने चाकाखाली दगड टाकला. उन्हात बॉनेट काय चमकत होतं. बाकीची गाडी बॉनेटमागे लपल्यासारखी.

मग रोजची गाडी ढकलत बाहेर काढली. जावयाने केबल लावून चालू केली. तीही न्यायची आहे म्हणाला, आईला हॉस्पिटलात ये-जा करायला लागेल. कागदोपत्री ती हिच्याच नावावर आहे, हे मी विसरलो होतो.

ही आत आली नाही. मुलीबरोबर रस्त्यापलीकडे थांबली होती, तोंडाला रुमाल. निघताना रोजच्या गाडीत पुढे बसली. माझ्याजवळ आल्यावर तिने काच थोडी खाली केली. वाटलं, बॉनेटबद्दल काहीतरी म्हणेल.

"झोपताना गॅसचा कॉक बंद करत जा," म्हणाली. काच वर गेली.

सगळे गेल्यावर गाडी आत घ्यायला लागलो. चढ आहे. पाठ लावून ढकलली, मग खांदा लावून. चाक दगडावरून हलेना. स्टिअरिंग कुणी सरळ धरलं तर कदाचित जमेल, असं वाटलं. म्हणून घराकडे वळून हिला हाक मारली. नेहमीसारखी, जोरात.

हाक ऐकून समोरचा डेंटिस्ट बाल्कनीत आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि आत गेला.

गाडी बाहेरच आहे.