न कापलेला साबण

चाकण, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

"काहून आले न्हाई?" फोनवर बायकोचं पुन्हा तेच. सुट्टीच मिळाली न्हाई, काय करू? पण मीच तिला म्हणलो होतो, दसऱ्याला येतो, साबण दोघं मिळून कापू. तिनं गावाकडं, डोंगरकड्याला, घरी खोबरेलाचा, मीठ घातलेला साबण ओतला. वास पारिजातकाचा, आत्ता आमच्या दारात सडा पडतो तोच. मिठाचा साबण गरम असतानाच कापावा लागतो. तिला ठाऊक होतं, तरी थांबली. येत न्हाई हे मी कळवलं असतं तर गरम असतानाच कापला असता. आज सुरी लावली तर सगळा भुगा.

"बाजारात काय इकू, भुगा?" मग हळूच म्हणली, "आता तुमच्यासाठी न्हाई थांबणार."

साबणाचंच म्हणली ना? विचारायची हिंमत झाली न्हाई. नुसतं म्हणलो, तेलाला पैसे पाठवतो. बाराशे रुपये.