साडूचा सूर आणि माझा सूड

३ मार्च
आजपासून विंडोज बंद, लिनक्स सुरू. परवा साडू, म्हणजे मेहुणीचा नवरा, सगळ्यांसमोर म्हणाला की साडूभाऊ, तुम्हाला पंख्याचं बटण सापडत नाही, कम्प्युटर कसला जमणार! बायको हसली. हे दोन्ही मी लक्षात ठेवलंय. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं. एकट्याने.

४ मार्च
सुडाचा बेत पक्का. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या वाढदिवसाला साडू गायला होता. गायला कसला, रेकला. मी टेबलाखाली फोन धरून सगळं रेकॉर्ड केलं. पुढच्याच वर्षी सासूबाई गेल्या, त्यामुळे विषय निघाला नाही. आता वीस तारखेला सासऱ्यांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. टीव्हीला लॅपटॉप जोडून तेच गाणं लावणार, फुल आवाजात. साडूला तोंड लपवायला कोपरा मिळता कामा नये.
फोनचा स्पीकर केव्हाच गेलाय. फाइल लॅपटॉपवर घेऊन लावली. पट्टी सरकते, आवाज नाही. किरकोळ असणार. उद्या दहा मिनिटांचं काम.

५ मार्च
सेटिंग्जमध्ये स्पीकरच्या जागी ‘डमी आउटपुट’, म्हणजे नुसता नावाचा स्पीकर, असं लिहून येतंय. म्हणजे लॅपटॉपसुद्धा साडूला सामील.

७ मार्च, सकाळ
इंटरनेटवरच्या फोरममध्ये विचारलं. एकाने कळवलं, आधी शोधा, मग विचारा. दुसऱ्याने सांगितलं, पल्सऑडिओ, म्हणजे आवाज सांभाळणारं सॉफ्टवेअर, काढून परत घाला. दुसरा जाणकार वाटतो.

७ मार्च, दुपार
पल्सऑडिओ काढलं. त्याच्याबरोबर अख्खा डेस्कटॉप गेला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. बायकोने विचारलं, बिघडवलात ना? म्हटलं, खरे तज्ज्ञ असंच काम करतात. फोरमवाल्या जाणकाराचं वाटोळं होवो.

११ मार्च
डोकं दुखतंय असं सांगून ऑफिसातून लवकर निघालो. डेस्कटॉप पुन्हा घातला. डमी गेला, खऱ्या साउंड कार्डाचं नाव आलं. आवाज नाही. आता डोकं खरंच दुखतंय.

१५ मार्च
साडूचा फोन. कसं चाललंय लिनक्स? म्हटलं, लोण्यासारखं. हसला. हसून घे बाबा.

१८ मार्च
जिंकलो! आवाज कमीजास्त करायचं अल्सामिक्सर उघडलं. एका पट्टीखाली एमएम, म्हणजे म्यूट. एम दाबला आणि लॅपटॉपातून साडू रेकायला लागला. रेडा बरा! अर्ध्या मिनिटात बंद केलं. बाकीची मजा सगळ्यांबरोबर.

२१ मार्च
कालचं लिहितो.
टीव्हीवर चित्र आलं, आवाज नाही. तीसेक पाहुणे माझ्याकडे बघतायत. मी अल्सामिक्सर उघडणार, तेवढ्यात साडू उठला, त्याने आउटपुटमध्ये एचडीएमआय, म्हणजे टीव्हीची वायर, निवडलं. एक क्लिक. आपल्याच हाताने आपला खड्डा! मला उकळ्या फुटत होत्या.
गाणं सुरू. सगळे हसले, साडू सगळ्यांत जोरात. तो का हसतोय हे कळेना.
मग गाण्याच्या मध्येच सासूबाईंचा आवाज. “अहो जावईबापू, पुरे आता, शेजारी दार वाजवतील!” आणि त्यांचं ते खळखळून हसणं. हसताना ठसका. पाणी कुणी तरी द्या गं, म्हणाल्या.
मेहुणी आणि बायको एकमेकींना धरून रडत होत्या. सासऱ्यांनी चष्मा काढला. म्हणाले, परत लावा. परत लावलं. पुन्हा म्हणाले, परत लावा.
साडूने मला मिठी मारली. साडूभाऊ, एवढं जपून ठेवलंत! त्याचे डोळे माझ्या नव्या शर्टाला पुसले गेले. मीही रुमाल काढून डोळे पुसले. पंख्यामुळे असेल.
घरी येताना बायको म्हणाली, मला तुम्ही कळलाच नाहीत. म्हटलं, असू दे.

२८ मार्च
सासऱ्यांना आता घरात गाणं हवं झालंय. साडूने दर रविवारी त्यांच्याकडे गायचं, मी रेकॉर्ड करायचं, असं सर्वानुमते ठरलंय. आज पहिला रविवार. अडीच तास गायला.
आवाज एकदम स्वच्छ आलाय.