चाचणी कॉम्प्युटरची, बोटं टाइपरायटरची

हिंगोली, ६ जून २००५

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. शकूला तर नाहीच.

घराच्या पुढच्या खोलीतल्या माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटची परिस्थिती उत्तम. सकाळच्या बॅचला एक विद्यार्थी, संध्याकाळच्या बॅचला तोच. संख्या कमी झाली की शिकवण्याचा दर्जा वाढतो, हे माझं जुनं मत आहे. एकेकाळी इथं टाइपरायटरवर बसायला नंबर लावावा लागायचा. तेव्हा दर्जा घसरलेला होता.

शकूनं (म्हणजे माझ्या सौभाग्यवतीनं) खिडकीजवळचे दोन टाइपरायटर उचलून कोपऱ्यात ठेवले आणि तिथं शिलाई मशीन मांडलं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "फॉल-पिकोचं काम येऊन राहिलंय. तुमची जागा रिकामीच हाय." मी तात्पुरती परवानगी दिली. दुपारपर्यंत बायकांची रांग दरवाजाबाहेर गेली. फार बोलतात. विद्यार्थ्याचं लक्ष विचलित होतं.

९ जून

विद्यार्थी आला नाही. कॉम्प्युटरचा क्लास लावला म्हणे. जाऊ दे. त्याचं डावं बोट तसंही कच्चं होतं.

कॉम्प्युटर म्हणजे काय? टीव्ही जोडलेला टाइपरायटर. लोकांना टीव्हीचं वेड, म्हणून गर्दी. लाइट गेली की खेळ खलास, आणि आपल्याकडं लाइट असते किती? माझा टाइपरायटर अंधारातही चालतो. दोन वर्षांत हे फॅड ओसरेल आणि सगळे परत माझ्याच दारात येतील. तेव्हा मी कुणाला टोमणा मारणार नाही. एखादाच मारीन.

१३ जून

घरमालक येऊन गेला. त्याला दिवाळीनंतर ही जागा मोबाइलच्या दुकानासाठी पाहिजे. मी त्याला टंकलेखनाचं समाजातलं स्थान समजावून सांगितलं. त्यानं चहा घेतला आणि जाताना भिंतीची मापं घेऊन गेला.

रात्री जेवताना शकूनं न विचारता जास्तीची भाकरी वाढली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१५ जून

शकूनं पेपरातली जाहिरात कापून माझ्या ताटाशेजारी ठेवली. कळमनुरीच्या एका शिक्षण संस्थेत कनिष्ठ लिपिक पाहिजे. जागा एक. वयाची अट नाही. मराठी टंकलेखन आवश्यक. संगणकाचे ज्ञान आवश्यक. चाचणी संगणकावर.

मी म्हणालो, ज्यानं निम्म्या जिल्ह्याचे लिपिक घडवले त्यानं स्वतः लिपिक व्हायचं? ती म्हणाली, "त्यायनला पगार भेटते. तुमाला काय भेटते?"

वादात जिंकण्याची ही पद्धत बरोबर नाही. तरी अर्ज केला. जाहिरातीत "ज्ञान" म्हटलंय, "सराव" म्हटलेलं नाही, हे मी आधीच लक्षात घेतलं आहे. ज्ञान मिळवायला आठवडा पुरे.

१७ जून

बसस्टँडसमोर संगणक शिकवणारं जाडजूड पुस्तक मिळालं. पहिलं प्रकरण : संगणकाचा इतिहास. अप्रतिम. पहिल्या पिढीचा संगणक एका खोलीएवढा होता आणि त्यात व्हॅक्यूम ट्यूब होत्या. दुसऱ्या पिढीत ट्रान्झिस्टर. हे सगळं पाठ केलं. आजकालच्या क्लासवाल्या पोरांना यातलं एक अक्षर माहीत नसेल.

शकूनं विचारलं, "कॉम्प्युटरला हात कधी लावणार?" मी म्हणालो, पाया पक्का होऊ दे. ती म्हणाली, "व्हय," आणि सुईत दोरा ओवत बसली. तिचा "व्हय" मला आवडला नाही.

२१ जून

चौथ्या पिढीपर्यंत आलो. पाचवी अजून तयार होऊन राहिली आहे असं पुस्तकात लिहिलंय. म्हणजे मी जवळजवळ जगाच्या बरोबरीला आलो.

२४ जून

शकूच्या कटकटीमुळं देविदासच्या दुकानात गेलो. देविदास राठोड माझा जुना विद्यार्थी, तांड्यावरून रोज सायकलनं यायचा. आता नगरपालिकेजवळ लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करण्याचं दुकान टाकलंय. मला पाहून उभा राहिला, गिऱ्हाइकाला उठवून मला खुर्ची दिली. संस्कार माझेच.

म्हणाला, "सर, आधी माउस धरा." धरला. तो म्हणाला, "सर, उलटा हाय." मी म्हणालो, मला माहीत आहे, खालून बघत होतो. मग स्क्रीनवरचा बाण कुठल्या कुठं पळायला लागला. देविदासनं माझ्या हातावर हात ठेवून माउस फिरवला. ज्या हाताला मी पट्टीनं मारून वळण लावलं, तो हात माझ्या हातावर! दुकानात चार माणसं बघून राहिलेली. त्यातला एक हसला. तो दुसऱ्याच कारणानं हसला असेल, पण मी उठलो.

देविदास मागं आला. "सर, अजून काहीच सांगितलं न्हाई. फॉन्ट हाय, सेव्ह करायचं हाय. दुकान बंद केल्यावर या ना, कुणी नसतं." मी म्हणालो, बाकीचं पुस्तकात आहे.

पुस्तकात असेलच. प्रकरण नववं किंवा दहावं.

२ जुलै

चाचणीचं पत्र आलं. ११ तारखेला, सकाळी अकरा वाजता. शकूनं पत्र देवापुढं ठेवलं आणि माझ्या पांढऱ्या शर्टाची कॉलर उलटवून शिवली. मी म्हणालो, एवढं काय त्यात, औपचारिकता आहे.

निश्चय : उद्यापासून पहाटे उठून पुस्तकाचं दुसरं प्रकरण.

७ जुलै

पहाटे उठता आलं नाही. रात्री भारनियमन, डास. वाचायला बसलो तर भारनियमन नसलेल्या वेळी शिलाई मशीनचा आवाज. या घरात अभ्यासाचं वातावरण नाही.

त्याऐवजी टाइपरायटरवर सराव केला. बोटं अजून तशीच. डोळे कागदावर, पाठ ताठ, एक चूक नाही. शकू काम थांबवून ऐकत होती. म्हणाली, "लग्न झालं तवा मला वाटायचं, हा आवाज म्हंजे पाऊस पडून राहिला पत्र्यावर." मग म्हणाली, "तिथं असा आवाज येणार न्हाई ना?"

मी म्हणालो, नाही. कॉम्प्युटर मुका असतो.

१० जुलै

उद्या चाचणी. दुसरं प्रकरण उघडलं. कठीण नाही, पण भाषांतर वाईट आहे. पुस्तकाच्या चुकांसाठी मी का जागायचं? झोपतो.

११ जुलै, रात्री

घडलं ते क्रमानं लिहितो. राग न आणता.

बोलावलेल्यांपैकी मी एकटाच हजर होतो. बाकीच्यांची म्हणे पोलीस भरतीची मैदानी चाचणी त्याच दिवशी निघाली. मला पाहून माघार घेतली असेल असंही म्हणता येईल.

परीक्षा घ्यायला प्रियदर्शनी मॅडम, तिथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. वयानं लहान, पण बोलणं आदराचं. कॉम्प्युटर चालूच होता. मॅडमनी कागद दिला : पालकांना पाठवायचं मराठी पत्र. म्हणाल्या, "सर, हे टाइप करायचं, ठेवायचं आणि प्रिंट द्यायची. घाई न्हाई." मी त्यांना व्हॅक्यूम ट्यूबबद्दल थोडं सांगायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "वेळ सुरू झाला सर."

सुटलो. डोळे कागदावर, बोटं आपोआप. पहिली ओळ संपली आणि माझ्या डाव्या हातानं सवयीप्रमाणं ओळ बदलायचा वरचा दांडा उजवीकडं ढकलला. दांडा नव्हता. मॉनिटर होता. तो वीतभर सरकला. दुसऱ्या ओळीला पुन्हा. तिसऱ्या ओळीला तो टेबलाच्या काठावर आला, तेव्हा मॅडमनी शिपायाला हाक मारली. हरिचंद त्याचं नाव. तो टेबलाच्या कडेला उभा राहून दोन्ही हातांनी मॉनिटर धरून राहिला. प्रत्येक ओळीच्या शेवटी मी ढकलायचो, तो अडवायचा. चौथ्या ओळीपासून आमची लय जमली. मधे एकदा म्हणाला, "सर, दमानं. पडला तर माझ्या अंगावर येईल."

पत्र संपलं. निम्माच वेळ गेला होता. पहिल्यांदा स्क्रीनकडं बघितलं. मराठीचं एक अक्षर नाही! सगळी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, वेडीवाकडी. मी घाबरलो नाही. मला वाटलं, कॉम्प्युटर आधी आपल्या भाषेत लिहून घेत असेल, मग सावकाश मराठी करत असेल. मी वाट बघत बसलो. हरिचंदही बसला, पण मॉनिटर सोडला नाही.

बऱ्याच वेळानं मॅडम आल्या. "सर, फॉन्ट न्हाई बदलला?" मी म्हणालो, तो आपोआप बदलेल म्हणून थांबलोय. त्या हसल्या नाहीत. हे मी त्यांचं विसरणार नाही. वाकून त्यांनी माउस दोनदा हलवला, सगळा मजकूर काळा केला, काहीतरी निवडलं, आणि एका क्षणात सगळं मराठी झालं. "प्रिय पालक" पासून "आपला विश्वासू" पर्यंत. मॅडम कागद हातात घेऊन ओळीवर ओळ लावून तपासत गेल्या. शेवटाला आल्यावर थांबल्या. म्हणाल्या, "सर, एक चूक न्हाई. एवढ्या वेगात, स्क्रीन न बघता. मला न्हाई जमायचं हे."

हरिचंद म्हणाला, "भेटली म्हणा नोकरी." मी चष्मा पुसला.

इथं थांबायला पाहिजे होतं.

मॅडमना कुणीतरी ऑफिसात फोनवर बोलावलं. जाताना म्हणाल्या, "ठेवून बंद करा सर, आलेच." मी वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर बाण नेला. पहिल्या फटक्यात नेला, हेही नोंदवून ठेवतो. दाबली. तर कॉम्प्युटरनं इंग्रजीत विचारलं, तुम्हाला चेंजेस सेव्ह करायचे आहेत का? आता चेंजेस कसले? मॅडमनी स्वतः तपासलंय, एक चूक नाही. मी त्या पत्रात कानामात्रा बदललेली नाही. माणसानं खरं उत्तर द्यावं. मी "नो" दाबलं.

मॅडम आल्या. "फाइल कुठंय सर?" मी म्हणालो, तुम्ही म्हणालात तशी बंद करून ठेवली. त्यांनी शोधली. उभ्या राहून शोधली, मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून शोधली. "त्यानं विचारलं तवा काय म्हणले तुमी?" मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग पटकन काढला.

मी म्हणालो, पुन्हा टाइप करतो, वेळ आहे. वेळ नव्हता. तो मी कॉम्प्युटर मराठी करेल म्हणून बसून घालवला होता. मॅडम स्वतः संस्थेच्या सचिवांकडं गेल्या, मी व्हरांड्यातून ऐकलं, "सर, मी डोळ्यांनी बघितलंय, उत्तम होतं." सचिव म्हणाले, "बघितलेलं फाइलीला लावता येते का?"

हरिचंदनं पाणी आणून दिलं. त्याचे दंड दुखत असतील.

१२ जुलै

शकूला सांगितलं की मशीनमध्ये दोष होता. ती म्हणाली, "बरं." शर्टाची उलटवून शिवलेली कॉलर उसवली होती, ती पुन्हा शिवत बसली. मला वाटतं तिला कळलंय.

२० जुलै

निकाल. संस्थेच्या बोर्डावर लावला होता. उमेदवार हजर : एक. पात्र : कुणी नाही. जागेसाठी पुन्हा जाहिरात देण्यात येईल.

एस.टी.त बसून विचार केला. हजर असलेल्यांत मी पहिला आलो. हेही खरंच आहे. घरी येऊन शकूला तसंच सांगितलं. ती हसली. खूप हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पदर डोळ्यांना लावला तो बराच वेळ काढला नाही. तेव्हा मला कळलं की हसणं मघाशीच थांबलं होतं.

मी म्हणालो, मशीनमध्ये दोष नव्हता.

ती म्हणाली, "मला माहीत हाय. देविदास येऊन गेला. त्याला कुणीतरी सांगितलं कळमनुरीहून. रडायला आला होता पोरगा."

१ ऑगस्ट

कॉम्प्युटर क्लास, सकाळची बॅच. शकूनं परस्पर नाव घातलं. मी निरीक्षणासाठी जातोय, एवढंच. पद्धत कशी आहे ते बघायचं, चुका काढायच्या, पटलं तर थांबायचं.

माझ्या शेजारच्या मशीनवर केशरबाई नावाच्या अंगणवाडी सेविका. पन्नाशीच्या असतील. क्लासच्या सरांनी सांगितलं, आपापलं नाव टाइप करा. मी पाठ ताठ करून, सगळ्यांच्या आधी, पूर्ण नाव, पत्ता, पिनकोडसकट टाइप केलं. केशरबाई दोन बोटांनी "के" शोधत होत्या. मधेच माझ्याकडं वळल्या.

"सर, तुमी लई फास्ट करून राहिले. पण तुमचं मशीन बंद हाय."

मी म्हणालो, माहीत आहे, बोटं मोकळी करतोय.

त्या "बराबर" म्हणाल्या आणि पुन्हा "के" शोधायला लागल्या. मी काळ्या स्क्रीनसमोर बसून राहिलो. त्यात माझा चेहरा दिसत होता. चार पिढ्यांचा इतिहास मला तोंडपाठ आहे. व्हॅक्यूम ट्यूब, ट्रान्झिस्टर, सगळं.

मग त्यांच्याकडं थोडं झुकलो आणि हळू आवाजात विचारलं, बाई, हे चालू कुठून करतात?