इल्से आजीला शोधताना

आये,

तुझ्या नि बाबांच्या पाया पडते. मी बरी हाय, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा हाय? बाबा गोळ्या घेतात ना?

जर्मनीतलं हे बेट एवढंसं नि किनाऱ्याची वाळूची टेकाडं सोडली तर अगदी सपाट. आपल्या उमरठच्या चढावर जमली नाय ती सायकल मी इथं शिकले. जाड चाकांची हाय, रानातनं नि त्या टेकाडांवरनं जाते.

परवा मी काम करते त्या वृद्धाश्रमातली इल्से आजी कुणाला न सांगता बाहेर पडली. तिला काय आठवत नाय, म्हणून सगळे घाबरले. वाळूत गाडी जात नाय, तर मी सायकल काढली. दोनदा पडले. कोपर खरचटलंय फक्त, काळजी करू नको.

शेवटच्या टेकाडावर आजी अनवाणी बसली होती. पाय गार पडलेले. मी माझे मोजे तिला घातले.

तिनं तिच्या भाषेत विचारलं, "तू कुणाची गो?"

"बनुबाईची," मी तुझं नाव सांगितलं.

"मग तिला कळव. मी इथनं बघत होते. पोरगी दोनदा पडली, पण रडली नाय."

म्हणून कळवते.

तुझीच,
रेश्मा